झाडाची तहान आणि पंचावन्न दरवाजे

शहाळ्यातले पाणी नळीने पिताना आपण ते ओढून घेतो असे म्हणतो. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हे तितकेसे खरे नाही. आपण फक्त नळीतली हवा काढून घेतो; पाणी वर ढकलण्याचे काम बाहेरच्या हवेचा दाब करतो. म्हणूनच माणूस कितीही दमदार असला, तरी सुमारे १०.३ मीटरपेक्षा उंच नळीतून त्याला पाणी पिता येणार नाही. तेथे हवेची ताकद संपते. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप फार खोलीवरचे पाणी खेचू शकत नाही, त्याचेही कारण हेच.

मग ३० मीटर उंच झाडाच्या शेंड्यावरच्या पानाला पाणी मिळते कसे? कॅलिफोर्नियात रेडवुड जातीचे ११५ मीटरहून उंच वृक्ष आहेत. त्यांच्या बुंध्याशी कोणी पंप बसवलेला नाही. खोडातल्या ज्या जलवाहिन्यांतून पाणी वर जाते, त्या तर मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या असतात. त्या स्वतः काहीच जोर लावू शकत नाहीत.

या कोड्याचे उत्तर डिक्सन आणि जॉली या डब्लिनच्या दोन शास्त्रज्ञांनी १८९४ साली सुचवले. पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे वर गेलेला रेणू आपल्या खालच्याला खेचतो, तो त्याच्या खालच्याला, आणि ही ओढ थेट मुळापर्यंत पोहोचते. म्हणजे झाडातले पाणी खालून ढकलले जात नाही. ते दोरीसारखे वरून ओढले जाते. ताणलेल्या दोरीत जसा ताण असतो तसाच या पाण्यात असतो. अशा पाण्याचा दाब शून्याच्याही खाली गेलेला असतो. त्याला ऋण दाब म्हणतात.

हा ताण केवढा असावा? ३० मीटर उंचीसाठी सुमारे ३ वातावरण, अरुंद नळ्यांतील घर्षणासाठी साधारण तेवढाच आणखी, आणि माती कोरडी असेल तर तिच्या कणांना चिकटून बसलेले पाणी सोडवून घेण्यासाठी त्याहूनही जास्त. त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी झाडातील ताण १० ते २० वातावरणांपर्यंत सहज जातो. (१ वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा जेवढा दाब असतो तेवढा.)

येथे एक प्रयोग करून पाहा. औषधाच्या दुकानात प्लॅस्टिकची सिरिंज मिळते. सुई न लावता तिच्यात अर्ध्यापर्यंत कोमट पाणी भरा आणि हवेचे सगळे बुडबुडे बाहेर काढा. आता तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या जोराने मागे ओढा. पाण्यात एकाएकी बुडबुडे उमटतील. त्यांतले काही पाण्यात विरघळलेल्या हवेचे आणि काही पाण्याच्या वाफेचे असतात. सिरिंजमध्ये दाब शून्याखाली गेलेलाही नसतो, तरी पाण्याची ही अवस्था होते. झाडाच्या जलवाहिनीत ताण कित्येक पटींनी मोठा असतो. तेथे पाण्याची दोरी अखंड राहते, कारण नळ्या अत्यंत बारीक असतात आणि त्यांच्या भिंतींतील सूक्ष्म पडदे शेजारची हवा आत येऊ देत नाहीत.

पण दुष्काळात ताण वाढत जातो, आणि कधीतरी एखाद्या पडद्यातून हवेचा एक बुडबुडा आत शिरतो. तो क्षणात फुगतो, पाण्याची दोरी तुटते आणि ती जलवाहिनी निकामी होते. या तुटण्याचा आवाज येतो! १९६६ साली मिलबर्न आणि जॉन्सन या संशोधकांनी एरंडाच्या पानाच्या देठाला कंपने टिपणारे उपकरण जोडून हे ‘टक्‌ टक्‌’ आवाज ऐकले. पान सुकत जाई तसे ते आवाज येत राहत. आपल्या बांधावरच्या एरंडाने विज्ञानाला दिलेली ही साक्ष मला फार आवडते.

बहुसंख्य जलवाहिन्या अशा तुटल्या की झाड वाळते. तो बिंदू किती दूर आहे, हे जातीजातीत वेगळे असते. ऑस्ट्रेलियातील कॅलिट्रिस वंशाच्या एका सूचिपर्णी वृक्षाची वहनक्षमता निम्मी होण्यासाठी सुमारे १८६ वातावरणांचा ताण लागतो, असे २०१५ साली दिसून आले. उलट पॉप्लरचे झाड १५ ते २० वातावरणांतच निम्मी क्षमता गमावून बसते. म्हणजे रोजच्या दुपारच्या ताणापासून संकट दोन पावलांवर! आणि पॉप्लर एकटाच असा नाही. २०१२ साली जगभरातील २२६ वृक्षजातींची मोजमापे एकत्र करून पाहिली, तेव्हा सुमारे ७० टक्के जाती अशाच काठावर उभ्या असल्याचे आढळले. पावसाळी जंगलातील झाडे आणि कोरड्या रानातील झाडे यांत या बाबतीत फारसे अंतर नव्हते. ज्याला जेवढे पाणी, तेवढ्याच्या काठावर तो उभा!

आता पॉप्लरकडे वळू. उत्तर भारतात, विशेषतः पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात, शेताच्या बांधांवर आणि गव्हाच्या शेतांतही सरळसोट पॉप्लरच्या रांगा दिसतात. मूळ अमेरिकेतून आणलेले हे झाड सहा ते आठ वर्षांत तोडणीला येते. त्याच्या मऊ, पांढऱ्या लाकडाच्या आगकाड्या होतात. हरियाणातील यमुनानगरच्या कारखान्यांत त्याचे प्लायवूड होते. ते झपाट्याने वाढते, पण पाणी भरपूर पिते. २००६ साली जगात प्रथम ज्या वृक्षाचा संपूर्ण जनुकीय लेख वाचला गेला तोही एक पॉप्लरच होता. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील निस्क्वाली नदीकाठची ती एक मादी. (होय, पॉप्लरमध्ये नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात.) तिच्या १९ गुणसूत्र-जोड्यांत सुमारे ४८ कोटी अक्षरांचा मजकूर निघाला आणि त्यात ४५ हजारांहून अधिक जनुके असावीत असा अंदाज केला गेला. नंतरच्या तपासणीत हा आकडा थोडा उतरला, तरी तो माणसाच्या जनुकांच्या दुपटीच्या घरात राहतो.

झाडाला एवढी जनुके कशाला? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण त्यांपैकी एकच कुटुंब घेऊ. पाण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

मुळाशी आलेले पाणी जलवाहिनीत शिरण्यापूर्वी त्याला जिवंत पेशी ओलांडाव्या लागतात. पेशीभोवतीचे पटल स्निग्ध पदार्थाचे असते आणि तेलातून पाणी जसे सहज जात नाही तसे त्यातूनही जात नाही. पटलात पाण्यासाठी खास दरवाजे असले पाहिजेत, असा तर्क पुष्कळ दिवस होता. १९९२ साली पीटर अ‍ॅग्रे यांनी माणसाच्या तांबड्या रक्तपेशीतील एका प्रथिनावर प्रयोग करून तसा दरवाजा सिद्ध केला. त्याला ‘अ‍ॅक्वापोरिन’ असे नाव पडले, आणि अ‍ॅग्रे यांना २००३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९९३ सालीच वनस्पतींतही असा दरवाजा सापडला.

हा दरवाजा म्हणजे प्रथिनाची एक नळी. तिची सर्वांत अरुंद जागा मीटरच्या एक अब्जांश भागाच्या जेमतेम पाव-तृतीयांश एवढी. त्यातून पाण्याचे रेणू एकामागून एक, रांगेने जातात. आम्ल बनवणारे हायड्रोजनचे आयन मात्र त्यातून जाऊ शकत नाहीत. वेग पाहा: एका दरवाजातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी रेणू! हा वेग प्रचंड वाटतो, पण थोडे गणित करू. १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे जवळपास चार चहाच्या चमच्यांत, ६ वर २३ शून्ये इतके रेणू असतात. त्यांना एकाच दरवाजातून जायचे झाले तर सुमारे ६३ लाख वर्षे लागतील. (भागाकार स्वतः करून पाहा, वर्षाचे सेकंद ३ कोटी १५ लाख धरा.) उन्हाळ्यात मोठे झाड एका दिवसात शंभर लिटर पाणीही वर नेते. त्यावरून त्याच्या मुळांत आणि पानांत असे किती अगणित दरवाजे असतील याची कल्पना करावी.

हे सगळे दरवाजे एकाच नमुन्याचे असते तर एक जनुक पुरले असते. २००९ साली कानपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी पॉप्लरचा जनुकीय लेख चाळून काढला, तेव्हा त्यांना या कुटुंबाची ५५ जनुके सापडली. आपल्या शरीरात ती १३ आहेत. मोहरीच्या कुळातील अ‍ॅरॅबिडॉप्सिस नावाचे एक इवलेसे रोप प्रयोगशाळांत नेहमी वापरतात, त्यात ३५ आहेत. पॉप्लरची ५५ जनुके पाच घराण्यांत विभागली जातात. पेशीच्या बाह्य पटलावरच्या दरवाजांचे घराणे १५ जनुकांचे आहे, पेशीच्या आतील पाण्याच्या रिक्तिकेच्या पटलावरचे १७ जनुकांचे. तिसऱ्यात ११ जनुके आहेत, चौथ्यात ६. पाचव्या घराण्यातही ६ असून त्यातला एकही सदस्य त्या इवल्या रोपात नाही.

एकाच कुटुंबात इतके सदस्य आले कोठून? छापखाने नव्हते तेव्हाची पोथी आठवा. घरात एकच पोथी असेल तर नकलणारा एकेक अक्षर जपतो. चूक झाली तर मूळच बिघडेल. पण त्याच पोथीच्या दोन प्रती झाल्या की एक प्रत जपून ठेवता येते आणि दुसरीत पाठभेद शिरले तरी काही अडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नकला होत गेल्या की दुसरी प्रत इतकी बदलते की तिचा अर्थच निराळा होतो. जनुकांचे असेच होते, हा विचार सुसुमु ओह्नो या शास्त्रज्ञाने १९७० साली एका पुस्तकात सविस्तर मांडला. पेशी विभागताना कधी चुकून एखाद्या जनुकाची जादा प्रत निघते. कधी तर सगळा जनुकसंचच दुप्पट होतो. पॉप्लरच्या पूर्वजात हे दुसऱ्या प्रकारचे द्विगुणन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडले, आणि त्यातून उरलेल्या जवळपास ८००० जोड्या आजही त्याच्या गुणसूत्रांत ओळखू येतात. पोथीच्या दाखल्यात एक उणीव मात्र आहे. नकलणाऱ्याच्या मनात हेतू असतो, निसर्गाच्या मनात नसतो. जादा प्रतींपैकी बहुतेक बिघडून निरुपयोगी होतात. थोड्या टिकतात. त्या एकतर मूळ काम वाटून घेतात किंवा नवे काम पत्करतात.

झाडाच्या दृष्टीने ही वाटणी मोलाची आहे, कारण त्याला पळता येत नाही. पाणी आटले की हरणे दुसऱ्या खोऱ्यात जातील. झाडाला आहे त्याच जागी निभवावे लागते, तेही पन्नास-शंभर वर्षे. एक दरवाजा मुळात, दुसरा पानात. एक सकाळी, दुसरा संकटात, अशी सोय त्याला लागते.

संकटात दरवाजा उघडावा की मिटावा, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. कोरड्या मातीतून मिळेल तो थेंब घ्यायचा तर दरवाजे उघडे हवेत. पण माती फारच कोरडी झाली की तीच मुळातले पाणी परत ओढू लागते. मग ते मिटलेले बरे. दरवाजा मिटतो कसा, हे २००६ साली पालकाच्या पानातील एका अ‍ॅक्वापोरिनची रचना उलगडली तेव्हा स्पष्ट झाले. या प्रथिनाला फॉस्फेटचे गट चिकटलेले असतात. दुष्काळात ते सुटतात, आणि प्रथिनाचा एक लोंबता भाग नळीच्या तोंडावर झाकणासारखा बसतो. शेतात पाणी साचले तरीही हेच झाकण पडते, पण निराळ्या कारणाने. मुळांना प्राणवायू मिळेनासा झाला की पेशीतील द्रव आम्लधर्मी होतो आणि त्या आम्लतेमुळे दरवाजा बंद होतो. अतिवृष्टीनंतर पाण्यात उभी असलेली मिरचीची रोपे माना टाकतात, हे शेतकऱ्याच्या मुलांनी पाहिले असेल. पाण्यात उभे राहून तहानेने व्याकूळ! त्यामागच्या कारणांपैकी एक हे झाकण आहे.

तुटलेल्या जलवाहिन्या पुन्हा भरण्यातही या दरवाजांचा हात असावा असे दिसते. बुडबुड्याने अडलेल्या जलवाहिनीशेजारच्या जिवंत पेशी साखर आणि पाणी आत सोडून तो बुडबुडा विरघळवतात, अशी कल्पना आहे. २०१४ साली पॉप्लरच्या अशा झाडांवर प्रयोग झाला, ज्यांत अ‍ॅक्वापोरिनचे एक उपघराणे मुद्दाम दुबळे केले होते. दुष्काळानंतर पाणी मिळाल्यावर ती झाडे नेहमीच्या झाडांइतकी सावरली नाहीत. हा पुरावा बोलका आहे, तरी या क्षेत्रात एक वाद चालू आहे आणि तो पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे. जलवाहिन्या किती तुटल्या हे मोजण्यासाठी फांदी कापावी लागे. पण पाणी ताणाखाली असताना फांदी कापली तर कापण्यानेच हवा आत शिरते, आणि तुटलेल्या नळ्यांची संख्या आहे त्याहून जास्त दिसते. ताण कमी असताना कापली तर कमी दिसते. मग दुपारी तुटल्या आणि संध्याकाळी भरून आल्या असा भास होऊ शकतो. २०१३ साली हा आक्षेप प्रयोगाने दाखवला गेला. त्यानंतर जिवंत झाड न कापता क्ष-किरणांनी आत पाहण्याच्या पद्धतीवर भर आला आहे.

आता मूळ मुद्दा. ५५ दरवाज्यांचे कुटुंब असूनही पॉप्लर दुष्काळाला सर्वांत हळव्या झाडांपैकी एक आहे. तेव्हा ज्याचे कुटुंब मोठे ते झाड चिवट, हे समीकरण साफ चुकीचे आहे. कोणता सदस्य कोठे, केव्हा आणि किती काम करतो यावर सारे अवलंबून असते. अलीकडे एखाद्या वृक्षातील एखाद्या जनुक-कुटुंबाची यादी आणि दुष्काळात त्यांपैकी कोणती जनुके ‘जागी’ झाली त्याचा तक्ता, अशा स्वरूपाचे शोधनिबंध फार निघतात. त्यांची गरज आहेच. पण शिक्षक म्हणून मला हजेरीपट आठवतो. पटावर ५५ नावे आहेत एवढ्याने कोणाला गणित येते हे कळत नाही. शिवाय अशा तक्त्यात बहुधा जनुकाकडून निघालेला निरोप मोजलेला असतो. निरोप निघाला म्हणजे दरवाजा बनला असे नव्हे, आणि बनला म्हणजे उघडला असेही नव्हे. झाकणाची गोष्ट आपण वर पाहिलीच. म्हणून ‘दुष्काळाचे जनुक सापडले’ असा मथळा वर्तमानपत्रात दिसला की थोडे थांबावे.

पॉप्लरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याची लागवड बियांपासून न करता छाट कलमांनी करतात, त्यामुळे मैलोगणती उभ्या रांगांतील झाडे जनुकांच्या दृष्टीने जणू एकच झाड असतात. पाऊस चांगला असेल तर सगळी जोमाने वाढतील. ताण हाताबाहेर गेला तर सगळ्यांचे दरवाजे आणि जलवाहिन्या एकाच प्रकारे वागतील. सहा-आठ वर्षांत झाड तोडले जात असल्याने शेतकऱ्याला निदान वाण बदलण्याची संधी लवकर मिळते.

आपल्याकडच्या सागाला ती सवड नाही. चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाटच्या रानातला साग इमारती लाकडासाठी पक्व व्हायला सहा-सात दशके जातात. या पावसाळ्यात लावलेले रोप या शतकाच्या अखेरीस तोडले जाईल, आणि तोवरचे सगळे उन्हाळे त्याला एकाच जागी काढायचे आहेत. दुष्काळ त्याला नवा नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी केरळातील सागाच्या वर्षवलयांचा ५२३ वर्षांचा लेखाजोखा २०१० साली मांडला, त्यात पाऊस हुकलेल्या वर्षांची अरुंद वलये दिसतात. सागाची पहिली युक्ती जनुकांची यादी न चाळताही ओळखता येते: कोरड्या दिवसांत तो पाने गाळून टाकतो. वाफच थांबली की दोरीवरचा ताण उतरतो.

सागाचा जनुकीय लेख कोइमतूरच्या वन-आनुवंशिकी व वृक्ष-प्रजनन संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ३२ कोटी अक्षरे आणि ३६,१७२ जनुके नोंदली गेली. दुसऱ्याच वर्षी गुणसूत्रवार मांडणी केलेला आणखी एक लेख परदेशातून आला. म्हणजे सागाचा हजेरीपट आता तयार आहे. खरे काम येथून पुढचे. कोरड्या रानातला साग आणि कोकणासारख्या पावसाळी मुलखातला साग यांच्या जनुकांत फरक कोणता, त्यांतला कोणता फरक खरोखर तहान सोसायला उपयोगी पडतो, आणि रोपवाटिकेसाठी बी कोणत्या झाडांचे घ्यावे, हे शोधण्यासाठी निरनिराळ्या ठिकाणच्या बियांची रोपे एकाच जमिनीत शेजारी शेजारी वाढवून वर्षानुवर्षे मोजावी लागतात. जनुके वाचण्याचे यंत्र काही दिवसांत उत्तर देते. साग देत नाही.

ज्यांच्या शाळेच्या आवारात किंवा गावाजवळ साग आहे त्यांना एक नोंद सहज ठेवता येईल. चार-पाच झाडांवर क्रमांक घाला. दिवाळीनंतर दर आठवड्याला प्रत्येकाची साधारण किती पाने उरली ते लिहा आणि नवी पालवी फुटल्याची तारीखही टिपा. ओढ्याकाठचे झाड आणि मुरमाड उतारावरचे झाड यांची पाने एकाच वेळी गळतात का? एकाच जागेवरच्या दोन झाडांत फरक पडतो का? पहिला फरक पाण्याचा असेल, दुसऱ्यात जनुकांचा काही वाटा असू शकेल. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की त्या आलेखावर काढून पाहा, आणि शेजारी त्या वर्षीचा पाऊसही लिहा.